जॉन वेनची बी-वेस्टर्न वर्षं (१९३०–१९३९): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'स्टेजकोच' हा १९३९ चा वेस्टर्न, म्हणजे काउबॉयपट, पाहून अमेरिकन नट जॉन वेनच्या प्रेमात पडलेला माणूस त्याचे आधीचे चित्रपट शोधू लागतो, तेव्हा साठेक चित्रपटांचा ढीग समोर येतो. त्यातले बहुतेक तासाभराचे, नावं एकसारखी, प्रती खराब. काय पाहावं, कशाकडे लक्ष द्यावं आणि हे सगळं असं का झालं, याबद्दल नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

'बी-पिक्चर' म्हणजे वाईट चित्रपट का?

नाही. 'बी' ही चित्रपटाची खेळातली जागा होती. मंदीच्या काळात अमेरिकेतल्या थिएटरवाल्यांनी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायला सुरुवात केली. नावाजलेल्या नटांचा मोठा चित्रपट तो 'ए' आणि त्याच्या जोडीला लागणारा छोटा तो 'बी'. खरा फरक हिशोबात होता. 'ए' चित्रपटाला गल्ल्यातला टक्का मिळे. 'बी' ठरावीक भाड्यावर जाई. थिएटरात दहा माणसं येवोत की हजार, निर्मात्याच्या हाती तेवढेच डॉलर पडत.

पुढची बरीच उत्तरं या एका गोष्टीतून निघतात. मिळकत आधीच ठरलेली असल्यामुळे चित्रपट चांगला केला म्हणून चार पैसे जास्त येत नसत. नफा व्हायचा तो खर्च वाचवूनच. दिवस कमी, रीळ कमी, माणसं कमी, आणि एकदा टिपलेली दृश्यं पुन्हा पुन्हा वापरायची. या चौकटीतही काही मंडळी मन लावून काम करत होती, म्हणून हे चित्रपट आजही पाहावेसे वाटतात.

वेनची सुरुवात तर मोठ्या चित्रपटाने झाली होती. मग तो खाली का आला?

१९३० सालच्या 'द बिग ट्रेल'मध्ये दिग्दर्शक राउल वॉल्शने २३ वर्षांच्या वेनला थेट नायक केलं. तोपर्यंत तो फॉक्स स्टुडिओत सामान हलवणारा पोरगा होता आणि अधूनमधून गर्दीत उभा राहत होता. दिग्दर्शक जॉन फोर्डची ओळख तिथलीच. वेनचं मूळ नाव मॅरियन मॉरिसन. वॉल्शने अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या अँथनी वेन या सेनापतीचं नाव सुचवलं, स्टुडिओप्रमुखांना 'अँथनी' पटलं नाही आणि 'जॉन' झालं. ही चर्चा झाली तेव्हा वेन स्वतः तिथे नव्हता.

चित्रपट ७० मिलिमीटरच्या 'ग्रँड्युअर' पद्धतीने टिपला होता. थिएटरवाल्यांनी नुकतेच बोलपटाच्या यंत्रांवर पैसे घातले होते. वर आर्थिक मंदी. नव्या पडद्यासाठी आणि नव्या प्रोजेक्टरसाठी पुन्हा खिशात हात घालायला कोणी तयार नव्हतं. ७० मिलिमीटरची प्रत जेमतेम एकदोन थिएटरांत लागली, बाकी सगळीकडे नेहमीची ३५ मिलिमीटरची. शिवाय जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि इटालियन आवृत्त्या वेगळे नट घेऊन स्वतंत्र चित्रित केल्या होत्या. एवढा खर्च वसूल होणं शक्यच नव्हतं. फॉक्सने आणखी दोन साधे चित्रपट देऊन वेनला सोडून दिलं.

आज ती ७० मिलिमीटरची आवृत्ती उपलब्ध आहे आणि ती जरूर पाहा. गाड्यांचा तांडा दोरखंडांनी कड्यावरून खाली सोडण्याचं दृश्य रुंद चौकटीतच पाहायला हवं. वेन त्यात अवघडलेला आहे, संवाद पाठ म्हटल्यासारखे येतात. पण घोड्यावर बसला की तोच माणूस सैल होतो.

कोलंबिया स्टुडिओतल्या वर्षाबद्दल फारसं कोणी बोलत नाही. का?

सांगण्यासारखं थोडंच आहे. १९३१-३२ मध्ये तिथे त्याला बक जोन्स आणि टिम मॅकॉय या तेव्हाच्या मोठ्या काउबॉय नटांच्या हाताखालच्या भूमिका मिळाल्या. 'द डिसीव्हर' या चित्रपटात तर तो फक्त प्रेत म्हणून झोपला आहे, तेही दुसऱ्या नटाच्या जागी. नायक म्हणून सुरुवात केलेल्या माणसासाठी ही फार मोठी घसरण होती.

मॅस्कॉटच्या मालिका म्हणजे काय?

थिएटरात दर आठवड्याला एक भाग, असे बारा भाग. प्रत्येक भागाच्या शेवटी नायक मरणाच्या दारात. नॅट लेव्हाइनच्या मॅस्कॉट कंपनीसाठी वेनने अशा तीन मालिका केल्या: 'द शॅडो ऑफ द ईगल' (१९३२), 'द हरिकेन एक्स्प्रेस' (१९३२) आणि 'द थ्री मस्कटिअर्स' (१९३३). पहिलीत जत्रेचे तंबू आणि आकाशात धुराने अक्षरं लिहिणारा वैमानिक आहे, दुसरीत रेल्वे, तिसरीत वाळवंटातली फ्रेंच फौज.

सलग पाहू नका. लागोपाठ दोन भाग पाहिले की लबाडी उघडी पडते. भागाच्या शेवटी गाडी कड्यावरून कोसळताना नायक आत असतो, पुढच्या भागात मात्र त्याने आधीच उडी मारल्याचं दाखवतात. आठवड्याचं अंतर धरूनच हे रचलेलं होतं. या मालिकांचा वेनला झालेला खरा फायदा म्हणजे स्टंट करणाऱ्या याकिमा कॅनटची गाठ पडली. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर.

वॉर्नर स्टुडिओच्या सहा चित्रपटांत वेनचे कपडे अचानक वेगळे का दिसतात?

कारण ते वेनचे कपडे नसतात आणि पुष्कळदा तो माणूसही वेन नसतो. १९३२-३३ मध्ये निर्माता लिऑन श्लेसिंगरने काउबॉय नट केन मेनार्डच्या मूकपटांच्या कथा पुन्हा उचलल्या. त्या मूकपटांत शेकडो गुरांची धावपळ आणि गाड्यांचे मोठे तांडे आधीच टिपलेले होते. तीच लांबची दृश्यं घ्यायची, मध्ये वेनचे जवळचे शॉट घालायचे, की मोठा चित्रपट किरकोळ खर्चात तयार. त्यासाठी वेनला मेनार्डसारखी टोपी आणि सदरा घातला, आणि मेनार्डच्या 'टार्झन' घोड्यासारखा पांढरा घोडा शोधला. त्या घोड्याचं नाव 'ड्यूक'. वेनचं टोपणनावही तेच, पण ते लहानपणीच्या कुत्र्यावरून आलेलं, घोड्याशी त्याचा संबंध नाही.

जोड ओळखायची तर तीन गोष्टी पाहा. जुन्या दृश्यात चित्राचे कण जाड दिसतात. मूकपटाचा वेग बोलपटाशी जुळत नाही, त्यामुळे घोड्यांची चाल थोडी घाईची वाटते. आणि लांबच्या शॉटमधल्या स्वाराची खोगिरावरची बैठक वेगळी असते, कारण तो मेनार्ड आहे. 'द टेलिग्राफ ट्रेल' (१९३३) मध्ये हे सहज सापडतं.

लोन स्टारचे चित्रपट किती आणि त्यांचं इतकं नाव का?

लोन स्टार ही छोटी चित्रपटसंस्था. चित्रपट एकूण १६, १९३३ ते १९३५ दरम्यान. निर्माता पॉल मॅल्व्हर्न, वितरण मोनोग्राम कंपनीचं, बहुतेकांचा दिग्दर्शक रॉबर्ट ब्रॅडबरी. ब्रॅडबरीचा मुलगा बॉब स्टील स्वतः काउबॉय नट होता आणि ग्लेंडेलच्या शाळेत वेनचा सोबती. कॅमेऱ्यामागे बहुधा आर्ची स्टाउट. याच स्टाउटने पुढे वेनचाच 'द क्वाएट मॅन' विन्टन हॉकच्या जोडीने चित्रित केला आणि दोघांनी त्यासाठी ऑस्कर घेतलं.

नाव झालं ते या टोळीमुळे. तीच दहा-बारा माणसं चित्रपटामागून चित्रपट करत होती. कोणाला काय जमतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पाच-सहा दिवसांत अख्खा चित्रपट कसा पुरा व्हायचा?

लांबीपासून सुरू करू. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. हजार फुटांचं एक रीळ म्हणजे अकरा मिनिटं. पाच रिळं म्हणजे साधारण ५५ मिनिटं, आणि लोन स्टारचे बहुतेक चित्रपट त्याच्या आसपास आहेत. पाच दिवसांत उरकायचं तर रोज अंतिम चित्रपटाची दहा-अकरा मिनिटं हातात यायला हवीत.

त्यासाठी एका जागेचं सगळं काम एका दमात उरकायचं. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला न्यूहॉलजवळच्या प्लासेरिटा दरीत लाकडी गावाचा एक रस्ता बांधलेला होता. सकाळी नायक त्या रस्त्यावरून येताना टिपायचा, लगेच तोच नायक जाताना, मग त्याच जागेवरून खलनायकांची टोळी. पाठलागात नायक ज्या खडकाजवळून जातो त्याच खडकाजवळून अर्ध्या मिनिटाने पाठलाग करणारे जातात, कारण कॅमेरा हललेलाच नसतो. इथे एक चूक घातक ठरते. नायक डावीकडून उजवीकडे गेला आणि टोळी उजवीकडून डावीकडे टिपली, तर ती पाठलाग करत नाही, समोरून भेटायला येत आहे असं वाटतं. घाईत अशी चूक झाली की ती तशीच चित्रपटात राही.

बाहेरचा आवाज ही दुसरी अडचण. वारा, घोडे, लांबून जाणारी मोटार, सगळं माइकमध्ये शिरतं. म्हणून लांब संवाद झोपडीत किंवा गुत्त्यात, आणि बाहेर बहुतेक मूक धावपळ. हे चित्रपट बडबड, मग दौड, मग पुन्हा बडबड असे चालतात ते यामुळेच.

प्रकाशासाठी विजेचे दिवे क्वचितच. चंदेरी पत्रा लावलेले मोठे फळे जमिनीलगत धरून उन्हाचा कवडसा चेहऱ्यावर टाकत, नाहीतर टोपीच्या कडेची सावली डोळे गिळून टाकते. उन्हाचा तो झोत सरळ डोळ्यांत जातो. तेव्हाच्या जवळच्या शॉट्समध्ये डोळे बारीक केलेला वेन दिसतो तो बराचसा या फळ्यांमुळे.

रात्र दाखवायची असली तरी चित्रीकरण दिवसाच. लाल फिल्टर लावून आकाश काळं करायचं आणि फिल्मवर प्रकाश कमी घ्यायचा. कृष्णधवल फिल्मवर हे चालून जातं. गफलत होते ती सावल्यांची. भर दुपारी टिपलं असेल तर 'मध्यरात्री' घोड्याच्या पोटाखाली ठसठशीत आखूड सावली पडलेली दिसते.

आणि एक खास ब्रॅडबरी खूण: दोन दृश्यांच्या मध्ये कॅमेरा गर्रकन फिरतो, सगळं पुसट होतं आणि थांबतो तेव्हा दुसरीच जागा असते. घोडदौडीचा कंटाळवाणा भाग तो असा गाळत असे.

वेनला पैसे किती मिळत?

लोन स्टारच्या एका चित्रपटाचे सुमारे २,५०० डॉलर. मंदीच्या काळात ही रक्कम चांगली होती आणि वर्षाकाठी आठेक चित्रपट होत. म्हणजे वेन या काळात उपाशी होता ही समजूत खरी नाही. त्याची अडचण अशी की शहरातल्या मोठ्या थिएटरांत त्याचं तोंड दिसत नव्हतं. छोट्या गावांतली आणि शनिवारी दुपारी येणारी पोरं त्याला ओळखत, पण ज्यांच्या हातात 'ए' चित्रपट होते त्यांच्या लेखी तो नव्हताच.

याकिमा कॅनट कोण?

वॉशिंग्टन राज्यातल्या शेतावर १८९५ मध्ये जन्मलेला, रोडिओ, म्हणजे काउबॉयच्या कसरतींच्या स्पर्धा, गाजवलेला घोडेस्वार. मूकपटांत नायक होता, बोलपट आले आणि त्याचा आवाज चालेना, मग खलनायकी आणि स्टंट पत्करले. 'याकिमा' हे टोपणनाव. तो मूळ अमेरिकन जमातीतला होता असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं, ते चूक आहे.

लोन स्टारमध्ये तो एकाच चित्रपटात खलनायक असे आणि वेनच्या जागी उड्याही मारी. त्यामुळे काही पाठलागांत कॅनटच्या मागे कॅनटच धावत असतो. वेनची सावकाश चाल, तुटक बोलणं आणि राग आला की आवाज वर न नेता खाली आणणं हे कॅनटकडून आलं, असं मानलं जातं. दोघांना एका दृश्यात पाहिलंत तर पटेल. १९५९ च्या 'बेन-हर'मधली रथांची शर्यत कॅनटने बसवली आणि १९६७ साली त्याला मानद ऑस्कर मिळालं.

खोटी मारामारी खरी कशी वाटते?

पूर्वी नट एकमेकांच्या खांद्यावर, दंडावर जोर कमी करून ठोसे मारत. लागायचं खरं आणि दिसायचं खोटं. वेन, कॅनट आणि ब्रॅडबरी यांनी या काळात 'पास' पद्धत बसवली. आज जगभर चालते ती तीच.

कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागून लावायचा. मूठ सरळ न नेता बाजूने मोठा फेर घेऊन आणायची. ती समोरच्याच्या हनुवटीपुढून काही इंच अंतरावरून जाते. कॅमेऱ्याला खोली कळत नाही, त्यामुळे मूठ चेहऱ्यावरून गेल्यासारखी दिसते. मार खाणाऱ्याने नेमक्या त्याच क्षणी मान झटकायची. आवाज नंतर घालायचा.

बिघडतं ते तीन ठिकाणी. कॅमेरा जरा बाजूला सरकला की मधली फट दिसते. मान आधी हलली तर हवेला घाबरल्यासारखं वाटतं, उशिरा हलली तर ठोसा वाया जातो. आणि सरळ ठोसा कितीही जोरात मारला तरी या कोनातून तो पडद्यावर दिसतच नाही. पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्या: मारामारीत वेन कधी आखूड ठोसा मारत नाही, नेहमी खांद्यापासून अख्खा हात फिरवतो. ती सवय इथली, आणि ती त्याने शेवटपर्यंत सोडली नाही.

त्या चित्रपटांत घोडे खरोखर पडत का?

हो, आणि हे पाहणं आज जड जातं. 'रनिंग डब्ल्यू' नावाची युक्ती वापरत. घोड्याच्या पुढच्या दोन्ही पायांना चामडी पट्टे, त्यांना बारीक मजबूत तारा, त्या तारा तंगाखालच्या कडीतून ओवलेल्या, आणि दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या खुंटाला. तारेची लांबी मोजलेली. घोडा भरधाव निघतो, तार संपते, पुढचे पाय पोटाखाली ओढले जातात आणि तो डोक्यावर कोसळतो. स्वाराला जागा माहीत असते, तिथली माती आधी खणून भुसभुशीत केलेली असते. घोड्याला मात्र काहीच माहीत नसतं. मान किंवा पाय मोडून घोडे मरत.

१९३९ च्या 'जेसी जेम्स'मध्ये कड्यावरून पाण्यात पाडलेला घोडा मेला आणि मोठा गदारोळ झाला. त्यानंतर १९४० पासून अमेरिकन ह्युमेन असोसिएशनने हॉलिवूडच्या चित्रीकरणावर देखरेख सुरू केली. पुढे शिकवलेले घोडे आले: लगाम एका बाजूला ओढला की मऊ जमिनीवर स्वतःहून कुशीवर पडणारे. घोडा कुशीवर कलंडला तर तो शिकवलेला, नाक खाली घालून उलटला तर तार. जुन्या चित्रपटांतला फरक असा लगेच कळतो.

सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून दहा बार कसे निघतात?

संकलनाच्या टेबलावर. बार मोजत बसायला वेळ नव्हता. काडतुसांची एक सोय मात्र सांगण्यासारखी आहे. 'फाइव्ह-इन-वन' नावाचं कोरं काडतूस तीन मापांच्या पिस्तुलांत आणि दोन मापांच्या रायफलींत चालतं. कोल्ट पिस्तूल आणि विंचेस्टर रायफल दोन्हींना एकच डबा पुरतो, घाईत चुकीचं काडतूस भरलं जाण्याची भीती उरत नाही. त्यात शिसं नसलं तरी नळीच्या तोंडातून जळती दारू आणि बुचाचे कण उडतात, म्हणून जवळून कधी रोखायचं नाही.

वेन खरंच गात असे?

'रायडर्स ऑफ डेस्टिनी' (१९३३) मध्ये तो 'सिंगिंग सँडी' आहे, पण गळा दुसऱ्याचा. हा लोन स्टारचा पहिला चित्रपट. गावाचं पाणी एका माणसाने अडवून ठेवलं आहे आणि शेतकऱ्यांना तो मागेल तो भाव द्यावा लागतो, अशी गोष्ट. पाण्याची भांडणं पाहिलेल्या आपल्याकडच्या माणसाला ती परकी वाटणार नाही. त्यातलं द्वंद्व पाहाच. मोकळ्या रस्त्यावरून वेन समोरच्या बंदूकधाऱ्याकडे चालत येतो, आणि चालताना आज रस्त्यात रक्त वाहणार असं संथ सुरात गातो. पार्श्वसंगीत नाही. नुसता तो खोल, परका आवाज आणि वेनची चाल. मग तो समोरच्याला ठार न मारता त्याचा हात निकामी करतो. प्रयोग विचित्र आहे, पण अंगावर काटा येतो.

गाणारा काउबॉय पुढे नट जीन ऑट्रीने यशस्वी केला. तो स्वतः गात होता.

रिपब्लिकमध्ये गेल्यावर काय बदललं?

१९३५ मध्ये हर्बर्ट येट्सने मोनोग्राम, मॅस्कॉट आणि आणखी काही छोट्या कंपन्या एकत्र करून रिपब्लिक काढली. येट्सची फिल्म धुण्याची प्रयोगशाळा होती आणि या कंपन्या तिच्या देणेकरी होत्या. वेनचे १९३५-३६ चे आठ चित्रपट तिथले, 'वेस्टवर्ड हो' हा पहिला. लगेच जाणवतं ते संगीत. लोन स्टारमध्ये ते जवळपास नव्हतंच. शिवाय माणसं वाढली आणि चित्रीकरण लोन पाइनच्या डोंगरांपर्यंत गेलं.

आठांतला सर्वांत नीटस 'विंड्स ऑफ द वेस्टलँड' (१९३६). तारयंत्र आल्यामुळे घोड्यावरून टपाल नेणाऱ्यांची नोकरी जाते, दोघे मित्र मोडकी बग्गी-सेवा विकत घेतात आणि सरकारी टपालाच्या कंत्राटासाठी शर्यत लावतात. 'स्टेजकोच'च्या तीन वर्षं आधी वेन इथे बग्गी हाकतो आहे.

मग युनिव्हर्सल स्टुडिओत वेस्टर्न सोडून भलतंच का केलं?

एकाच साच्यातून सुटायला. १९३६-३७ मध्ये सहा चित्रपट: तटरक्षक, ट्रकवाले, युद्धाचा कॅमेरामन, बर्फावरचा हॉकीपटू. पैसे बेताचे, कथा पातळ. काउबॉय वेनचे चाहते तिकडे फिरकले नाहीत आणि नवे प्रेक्षक आले नाहीत. परत रिपब्लिकमध्ये आला तेव्हा त्याचं वजन आधीपेक्षा कमी झालं होतं.

'थ्री मेस्किटिअर्स' मालिकेत मोटारी आणि विमानं कशी?

तीन काउबॉय मित्रांच्या या रिपब्लिकच्या चित्रपटमालिकेचा काळ ठरलेला नव्हता. एका चित्रपटात जुना पश्चिम, दुसऱ्यात १९३० च्या दशकातला. वेनने १९३८-३९ मध्ये रॉबर्ट लिव्हिंग्स्टनच्या जागी स्टोनी ब्रुक ही भूमिका आठ चित्रपटांत केली. सोबत रे कॉरिगन आणि बोलक्या बाहुलीचा खेळ करणारा मॅक्स टरह्यून. 'ओव्हरलँड स्टेज रेडर्स'मध्ये सोनं विमानाने नेतात. मूकपटांची तारका लुईस ब्रुक्सचा तो शेवटचा चित्रपट. 'न्यू फ्रंटियर'मध्ये फिलिस आइलीनामक नवखी मुलगी आहे. तीच पुढची जेनिफर जोन्स.

'स्टेजकोच'ने एका रात्रीत सगळं बदललं, हे खरं का?

अर्धं खरं. 'स्टेजकोच'चा दिग्दर्शक जॉन फोर्ड याला वेन हवा होता. निर्माता डेव्हिड सेल्झनिकला गॅरी कूपर आणि मार्लेन डीट्रिश हवे होते, म्हणून फोर्डने सेल्झनिक सोडला आणि दुसरा निर्माता वॉल्टर वँगर याच्याकडे गेला. वेनला सुमारे ३,७०० डॉलर मिळाले, नायिका क्लेअर ट्रेव्हरला १५,०००. नावांच्या यादीतही ती वर.

रिंगो किड, म्हणजे वेनच्या पात्राचा, प्रवेश थांबवून पाहा. आधी बार ऐकू येतो. मग वेन उभा: एका हातात खोगीर, दुसऱ्या हाताने विंचेस्टर गरकन फिरवतो. ती एका हाताने फिरावी म्हणून तिच्या खटक्याची कडी मोठी केलेली आहे. कॅमेरा वेगाने पुढे सरकतो, वाटेत क्षणभर फोकस सुटतो, आणि चित्र पुन्हा लागतं तेव्हा घाम आणि धूळ माखलेला चेहरा पडदाभर. मागचं मॉन्युमेंट व्हॅली हे वाळवंटी दृश्य स्टुडिओतल्या पडद्यावर पाडलेलं आहे. वेन काही बोलत नाही. नऊ वर्षांपूर्वीचा पाठांतर म्हणणारा मुलगा इथे नुसता उभा राहतो आणि तेवढं पुरतं. नुसतं उभं राहणं तो लोन स्टारमध्ये शिकला होता. तिथे दुसऱ्या टेकला फिल्म नव्हती, त्यामुळे हातपाय उगाच हलवण्याची सवय गळून पडली.

आता दुसरा अर्धा भाग. 'स्टेजकोच' मार्च १९३९ मध्ये सगळीकडे लागला. रिपब्लिकचा करार चालूच होता, म्हणून मेस्किटिअर्सचे चार चित्रपट त्यानंतर आले, शेवटचा ऑगस्टमध्ये. त्या उन्हाळ्यात प्रेक्षकांना दोन्ही वेन एकाच वेळी पाहायला मिळत होते. पुढेही तो रिपब्लिकशी बांधलेला राहिला. पहिलं ऑस्कर नामांकन देणारा 'सँड्स ऑफ इवो जिमा' (१९४९) हाही रिपब्लिकचाच.

आपल्याकडे असं काही होतं का?

अगदी त्याच वर्षांत. परळच्या वाडिया मूव्हीटोनचे स्टंटपट: 'हंटरवाली' १९३५ चा, म्हणजे लोन स्टारच्या शेवटच्या चित्रपटांबरोबरचा. घोडे, मुखवटे, चाबूक, आणि चार आण्यांचा प्रेक्षक. त्यातली नायिका नादिया मात्र आपले स्टंट बहुधा स्वतः करत असे.

सुरुवात कुठून करू?

या क्रमाने: 'रायडर्स ऑफ डेस्टिनी', 'रँडी राइड्स अलोन', 'द ट्रेल बियाँड', 'विंड्स ऑफ द वेस्टलँड', 'ओव्हरलँड स्टेज रेडर्स' आणि मग 'स्टेजकोच'. 'रँडी राइड्स अलोन' (१९३४) ची पहिली काही मिनिटं या सगळ्या ढिगात सर्वोत्तम आहेत. वेन एका गुत्त्यात शिरतो. आपोआप वाजणारा पियानो आनंदी चाल वाजवतो आहे आणि आत सगळे मरून पडले आहेत. भिंतीवरच्या चित्रामागून दोन डोळे त्याच्याकडे पाहतात. याच चित्रपटात पुढे विनोदी म्हातारा म्हणून गाजलेला गॅबी हेज दुहेरी भूमिकेत खलनायक आहे.

प्रत निवडताना काय पाहावं?

अमेरिकेत १९६४ पूर्वीच्या चित्रपटांचा हक्क २८ व्या वर्षी नव्याने नोंदवावा लागे. लोन स्टारच्या बहुतेकांचा नोंदवला गेला नाही, म्हणून कोणीही त्यांच्या प्रती काढतो. भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो. मात्र नंतर कोणी घातलेलं संगीत किंवा रंग यांचा हक्क वेगळा असू शकतो.

सिंथेसायझरचं संगीत ऐकू आलं तर ती प्रत सोडा, ते पन्नासेक वर्षांनी घातलेलं आहे. रंगीत केलेली प्रतही नको, स्टाउटचं छायाचित्रण त्यात मरतं. लांबी पन्नास मिनिटांच्या बरीच खाली असेल तर टीव्हीसाठी कापलेली समजा. नावांचाही घोळ आहे: 'बॉर्न टू द वेस्ट' (१९३७) पुढे 'हेल टाउन' नावाने आला. १९३९ चा 'न्यू फ्रंटियर' टीव्हीवर 'फ्रंटियर होरायझन' झाला, कारण १९३५ चा 'द न्यू फ्रंटियर'ही वेनचाच होता.

यातले सगळे चित्रपट आज मिळतात का?

जवळपास सगळे. रिपब्लिकचा 'द ऑरेगॉन ट्रेल' (१९३६) मात्र हरवला आहे. चित्रीकरणातली काही स्थिरचित्रं सापडली आहेत, फिल्म नाही. त्या नावाने काही दिसलं तर साल पाहा: १९३९ ची जॉनी मॅक ब्राउनची मालिका असेल किंवा १९५९ चा फ्रेड मॅकमरेचा चित्रपट. वेन दोन्हींत नाही.